तीन नंबरची वायर

१

दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडायला निघण्याआधी, कुलूपवाला घरच्या इंटरनेटचा पासवर्ड बदलत असे. नियम त्याचा नव्हता, बायकोचा होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तिने एक कागद चिकटवला होता आणि त्यावर गोल, स्वच्छ अक्षरात सात कलमं लिहिली होती. पासवर्ड दर महिन्याला बदलावा. त्यात कुणाचं नाव किंवा वाढदिवस घालू नये. पाहुण्यांना पाहुण्यांचं वेगळं कनेक्शन द्यावं, घरचं देऊ नये. अनोळखी माणसाने फोनवर कितीही गोड बोलून विचारलं तरी काही सांगू नये. जोडलेली यंत्रं मोजावीत. ती जाऊन नऊ महिने झाले होते. वाफेने कागदाचा खालचा कोपरा गुंडाळला गेला होता, पण नियम सुटला नव्हता.

तिला हे सगळं ठाऊक होतं, कारण तिचं कामच ते होतं. इंटरनेट कंपनीच्या मदत-केंद्रात ती आठ वर्षं होती, त्यातली शेवटची पाच घरूनच. मागच्या खोलीत टेबल, कंपनीने दिलेला कॉम्प्युटर, कानांवर हेडफोन. तिचा न तापणारा, न दमणारा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. "राउटर समोर आहे का? छान. पहिला दिवा कोणत्या रंगाचा दिसतो? हिरवा. दुसरा?" पलीकडचा माणूस चिडलेला असो की रडकुंडीला आलेला, ती त्याला एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्यावर नेत राहायची, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तशी. सगळं करूनही दिवा लागला नाही, तर म्हणायची, "काळजी करू नका. मी तुमच्याकडे माणूस पाठवते."

पासवर्ड बदलणं कुलूपवाल्याला पटायचं. ते त्याच्या धंद्यातलंच होतं. यंत्रं मोजण्याचं कलम मात्र त्याने नऊ महिन्यांत एकदाही पाळलं नव्हतं. आपल्याच घरात मोजायचं काय?

खरं तर त्याच्या उस्तादाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, "आधी घर बघ, मग कुलूप." एका बाईने म्हणे चोराच्या धास्तीने तिन्ही दारांची कुलपं बदलून घेतली, आणि चोर माळ्यावर पाय पसरून झोपला होता. "नवं कुलूप बाहेरच्याला अडवतं रे. आत असलेल्याला ते राखतं." हा किस्सा कुलूपवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला हसत सांगायचा. गिऱ्हाईकही हसायचं, आणि जाताना माळ्याकडे एकदा बघायचं.

या महिन्यात त्याने मोजलं ते खारूमुळे. खारू त्याची मुलगी. दहा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी बसेल तर शपथ, म्हणून खारू.

"बाबा, शिकवणीचे सर परत तोंड उघडं ठेवून अडकले!" ती टॅबसमोरून ओरडली. "आता भागाकार कोण करणार?"

"तू कर. सरांना तेवढाच आराम."

तो राउटरचं पान फोनवर उघडून बसला. वेग कुठे जातोय ते तिथे दिसतं, एवढं त्याला बायकोने शिकवलं होतं. घरात जोडलेली पाच यंत्रं. त्याचा फोन, खारूचा टॅब, टीव्ही, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा. पाचांना बायकोने पाच नावं देऊन ठेवली होती.

यादीत सहा होती. सहाव्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती.

२

"शेजारी," वायरवाला म्हणाला. त्याने बूट दाराबाहेर काढले, पिशवी खांद्यावरून उतरवली आणि घरात आल्याआल्या राउटरकडे न बघता खारूच्या बिस्किटांकडे बघितलं. "शंभरातले नव्वद शेजारी. उरलेले दहा वरच्या मजल्यावरचे."

"वरच्या मजल्यावरचे शेजारीच ना?"

"तेच म्हणतोय."

खारू खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी बाहेरचं माणूस बोलत होतं. वायरवाला तसा जुना ओळखीचा. बायको ज्यांना "माणूस पाठवते" म्हणायची, तो माणूस बहुतेक वेळा हाच असायचा. तिच्याबद्दल तो काही बोलला नाही. नुसता मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघून खाली बसला.

"पासवर्ड एक तारखेला बदलला होता," कुलूपवाला म्हणाला. "बदलला तेव्हा सगळं तुटलं. परत जोडलं. तर हा सहावा माझ्याआधी आत."

"चिठ्ठीवर लिहून ठेवता का?"

"ठेवतो. कपाटाच्या आत."

"मग झालं! कुलूपवाले, तुम्ही किल्ली पायपुसण्याखाली ठेवता आणि मला विचारता चोर कसा आला." त्याने राउटर उलटा केला, मागचं बटण दाखवलं. "हे बटण बंद करून ठेवतो. हे दाबलं की पासवर्डशिवाय जोडता येतं. आणि राउटरच्या आतला जो मुख्य पासवर्ड असतो, तो कंपनीकडून आलेलाच ठेवलाय तुम्ही. तो पहिल्या दिवशी बदलायचा असतो. ताईंनी सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल."

"डबा पण म्हातारा झालाय. नवा देऊन जातो."

नवा राउटर पांढरा, जुन्याहून सपाट. वायरवाल्याने जुन्याच्या मागच्या वायरी एकेक काढल्या आणि ज्या खाचेतली त्या खाचेत नव्याला लावल्या. बाहेरून येणारी. विजेची. तिसरी. वरती दिवे एकेक करून हिरवे झाले. नवा पासवर्ड कुलूपवाल्याने टाकला. या वेळी चिठ्ठीवर लिहिला नाही.

"आता कुणाची टाप आहे?" वायरवाला म्हणाला आणि जाताना दोन बिस्किटं उचलली.

तो गल्लीच्या टोकाला पोहोचला असेल नसेल, कुलूपवाल्याने यादी उघडली. फोन. टॅब अजून जोडायचा होता. टीव्ही.

त्याखाली रेघ.

३

नव्या राउटरमध्ये एक सोय होती. कुठलं यंत्र कधी चालू होतं, त्याच्या वेळा दिसायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसताना कुलूपवाला त्या बघत बसे. रेघ दिवसभर नुसती जोडलेली असायची, निपचित. सव्वाचार वाजले की जागी व्हायची. साडेसहाला परत निपचित.

सव्वाचारला खारू शाळेतून येते. साडेसहाला तो दुकान बंद करून येतो. मधले सव्वादोन तास ती घरात एकटी असते.

त्याने स्वतःला समजावलं. चार वाजता सगळ्याच घरांतली मुलं शाळेतून येतात, शेजारच्यांचीही. कुणी पोरगं त्या वेळेला खेळ खेळत असेल. हे सगळं बरोबर होतं. तरी त्या दुपारी त्याने दोन चाव्या चुकीच्या घासल्या.

त्या रविवारी त्याची धाकटी बहीण आली. खारूची आत्या चार गल्ल्या सोडून राहायची आणि आली की आधी पोरीचं डोकं बघायची. आईवेगळ्या पोरीचं डोकं आधी बघावं, असं तिचं म्हणणं.

"वा गं वा! दोन वेण्या? कुणी घातल्या?"

"मीच."

"चल, खोटारडी." आत्याने तिला पाठमोरी केली आणि भांगावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दादा, तू शिकलास वाटतं."

कुलूपवाल्याने बघितलं. नऊ महिने खारूचा भांग नागमोडी होता. त्यावरून त्या दोघांत चेष्टाही चालायची, नदी आज कुठून वाहते म्हणून. आज तो कपाळापासून मानेपर्यंत दोरी आखल्यासारखा सरळ होता. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे माणसाचा स्वतःचा डोळा पोहोचत नाही, तिथे सगळ्यांत सरळ.

"मागे कसा पाडलास गं?" त्याने विचारलं. "आरशात तर दिसत नाही."

"सांगितलं तसा पाडला," खारू म्हणाली. "थोडं डावीकडे, थोडं डावीकडे, बास."

"कुणी सांगितलं?"

तिने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत लबाडी नव्हती. अडचण होती, मोठ्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगताना लहान मुलांना येते तशी.

"मागून दिसतं ना," ती म्हणाली आणि उडी मारून पळाली.

"टॅबवर बघून करतात हल्ली पोरी," आत्या म्हणाली. "तू एवढा पांढरा कशाला पडलास?"

४

मंगळवारी त्याने दुकान चारलाच बंद केलं. खारू घरी आल्यावर दहा मिनिटांनी तो हलक्या पावलांनी जिना चढला आणि स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहिला. त्याला लाज वाटली. आयुष्यभर लोकांची दारं उघडून दिली, पण कुणाच्या दाराला कान लावला नव्हता.

आत खारू बोलत होती. स्वच्छ, सावकाश, शाळेत धडा वाचावा तशी.

"हिरवा."

मग थांबली. एक प्रश्न विचारून होईल एवढीच.

"हिरवा."

पुन्हा तेवढंच.

"तो पण हिरवा. हो. लुकलुकतोय." मग हसली. "नाही, आज नाही. आज डबा सगळा खाल्ला."

दुसरा आवाज नव्हता. त्याने श्वास रोखून ऐकलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. खाली कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं. त्यांच्यामध्ये दुसरा आवाज नव्हता.

त्याने किल्ली लावली. स्वतःच बसवलेलं, तेल दिलेलं कुलूप, उघडताना कुरकुरलं नाही. टॅब स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, बंद. खारू मागच्या खोलीत, आईच्या टेबलाशी, आईच्या खुर्चीत बसली होती. टेबल दाराकडे तोंड करून होतं, त्यामुळे तिथून बाहेरच्या खोलीतल्या फळीवरचा राउटर समोर दिसायचा. म्हणून तर बायकोने ते तसं ठेवलं होतं. खुर्चीच्या पाठीमागे भिंतीतलं कपाट. खारूच्या कानांवर आईचे हेडफोन होते. कॉम्प्युटर कंपनीची माणसं घेऊन गेली होती, हेडफोन तिचे स्वतःचे होते म्हणून राहिले. त्यांची वायर खारूच्या मांडीवरून खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

"बाबा! आज लवकर?"

"काय करतेस?"

"आई-आई," ती म्हणाली आणि पटकन हेडफोन काढले.

म्हणजे एवढंच. पोरगी आईचा खेळ खेळते. आई दिवे विचारायची, ही दिवे सांगते. गेलेल्या माणसाशी खेळायचा दुसरा काय खेळ असतो? तो स्वतः नाही का रोज दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा? त्याने तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना तेलाचा वास होता.

भांग सरळ होता.

रात्री भांडी घासून झाल्यावर त्याने वेळा बघितल्या. रेघ सव्वाचारला जागी झाली होती आणि चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, त्याने दार उघडलं तेव्हा, निपचित पडली होती.

५

गुरुवारी दुकानाला सुट्टी. खारू शाळेत. जेवण झाल्यावर तो राउटरसमोर स्टूल घेऊन बसला.

कुणाला तरी पासवर्ड कळतो, एवढं नक्की. लिहिला तर वाचता येतो. मनात ठेवला तर टाकताना बोटं बघता येतात. मग असा पासवर्ड हवा, जो त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. अशी किल्ली करायची आणि विहिरीत टाकायची.

त्याने डोळे मिटले आणि दोन्ही अंगठ्यांनी फोनवर मन मानेल तसं बडवलं. एकदा. मग त्याचीच नक्कल खालच्या रकान्यात चिकटवली. ठीक आहे, म्हणून दाबलं.

दिवे गेले, आले. टीव्हीवर सूचना आली. प्रिंटर कण्हला. त्याने फोन राउटरला जोडायचा प्रयत्न केला तर फोनने पासवर्ड मागितला, आणि तो त्याच्याकडे नव्हता. घरातलं एकही यंत्र आता आत जाऊ शकत नव्हतं. त्याला हसू आलं. उस्ताद असता तर म्हणाला असता, शाब्बास, स्वतःलाच कोंडलंस.

यादी बघायलाही आत जायला हवं. त्याने वायरवाल्याला फोन लावला. वायरवाल्याला कंपनीच्या बाजूने दिसायचं.

"बघतो. काय केलंत काय तुम्ही? सगळं तुटलंय."

"सगळं?"

"फोन गेला, टॅब गेला, कॅमेरा गेला... एक आहे."

"कुठलं?" कुलूपवाल्याने विचारलं.

"नाव नाही त्याला," वायरवाला म्हणाला. "अहो, पण हे वायफायवर नाहीच. हे तीन नंबरला आहे. वायरने."

"म्हणजे?"

"म्हणजे वायर लावलीय. राउटरच्या मागे, तिसऱ्या खाचेत. वायरला पासवर्ड कोण विचारतं? आत बसलेल्याला कुणी किल्ली मागतं का? तुम्ही जन्मभर बदलत बसा पासवर्ड." तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "तीन नंबर ताईंच्या कॉम्प्युटरची होती ना? तो तर नेला."

"नेला," कुलूपवाला म्हणाला.

"मग दुसऱ्या टोकाला काय आहे?"

६

तिसरी वायर करड्या रंगाची होती. ती त्यानेच लावली होती, हे आता त्याला स्पष्ट आठवलं. बायको गेल्यावर पंधरा दिवसांनी घर आवरताना त्या वायरीचं टोक राउटरशेजारी सुटं पडलेलं दिसलं, आणि राउटरच्या मागे एक खाच रिकामी. रिकामं भोक त्याला बघवत नसे. धंद्याची खोड. त्याने टोक खाचेत घातलं, टक् असा आवाज आला, आणि त्या दिवसभरात एवढी एकच गोष्ट जागच्या जागी बसली, असं त्याला वाटलं होतं.

त्याने वायरीवर बोट ठेवलं आणि बोटाबरोबर चालत गेला. फळीवरून खाली, भिंतीच्या कडेने, उंबऱ्यावरून मागच्या खोलीत. टेबलाच्या पायाशी ती संपायला हवी होती. उरलेली वायर त्याने तेव्हा गुंडाळून, खारूच्या जुन्या लाल रिबिनीने बांधून टेबलामागच्या खिळ्याला अडकवली होती.

खिळ्याला रिबीन होती. गाठ तशीच होती. वायर नव्हती.

ती टेबलाखालून पुढे गेली होती. खुर्चीखालून. आणि भिंतीतल्या कपाटाच्या दाराखालच्या फटीतून आत.

त्या कपाटात बायकोचे कपडे होते. खारू ते उघडून कपड्यांत तोंड खुपसून बसायची, म्हणून त्याने त्याला कुलूप बसवलं होतं. पाच लिव्हरचं, आतल्या पाचही पट्ट्या किल्लीने उचलल्याशिवाय न उघडणारं. दुकानातलं सगळ्यांत चांगलं. किल्ली त्याच्या जुडग्यात होती आणि नऊ महिन्यांत ती लावली गेली नव्हती. कुलपाच्या तोंडावर धुळीचा बारीक थर होता. तो मोडला नव्हता.

उंदीर, त्याच्या मनात आलं. उंदराने ओढून नेली असेल. उंदीर ओढतात. गाठ न सोडता ओढतात?

तो गुडघ्यांवर बसला. वायर दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली. ती आली. वीतभर आली, अडकल्याशिवाय, सैल. त्याला हायसं वाटलं. कुठेही जोडलेली नाही, नुसती आत पडली आहे.

मग वायर परत गेली.

हिसका बसला नाही. झोपलेल्या माणसाचं पांघरूण कुणी ओढलं तर तो झोपेतच ते परत घेतो, तशी ती त्याच्या बोटांतून सरकली. वीतभर. होती तिथे जाऊन थांबली.

"बाबा, ओढू नको ना."

खारू दारात उभी होती. दप्तर पाठीवर, एक मोजा खाली. सव्वाचार वाजले होते.

तो गुडघ्यांवरच तिच्याकडे वळला. "खारू. आत कोण आहे?"

तिने खाली आलेला मोजा वर ओढला.

"आई?" तो शब्द कसा निघाला त्याला कळलं नाही. त्यात भीती होती, आणि भीतीहून वाईट असं काहीतरी होतं. आशा होती.

"आई नाही रे बाबा," खारू म्हणाली, अगदी समजुतीने. "आई तर गेली ना. ही आईच्या मागे बसायची, ती."

७

त्याने विचार केला नाही. विचार केला असता तर आधी पोरीला उचललं असतं. तो उठला, बाहेरच्या खोलीत गेला आणि राउटरच्या मागून तिसरी वायर उपटली.

तिसरा दिवा विझला.

घर जसं होतं तसंच होतं. नळ ठिबकत होता. "झालं," तो मोठ्याने म्हणाला. "संपलं. खारू, चल, आत्याकडे जायचंय."

खारू खुर्चीशी उभी होती. हेडफोन टेबलावर होते, तिच्या कानांवर नव्हते. ती राउटरकडे बघत होती.

"हिरवा," ती म्हणाली. थांबली. "हिरवा." थांबली. "बंद."

"खारू!"

"हो, बाबांनी काढली." ती ऐकत होती. मग तिचा चेहरा बदलला. पहिल्यांदाच त्यावर भीती आली, आणि ती दहा वर्षांची दिसू लागली. "बाबा, आवाज आता वायरीतून येत नाहीये. जवळून येतोय."

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, काळजी करू नका." खारू कपाटापासून मागे सरली. "म्हणतेय, माणूस पाठवते."

कपाटाच्या कुलपात आवाज झाला.

दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. कुलूपवाल्याने तीस वर्षं तोच आवाज ऐकून पोट भरलं होतं. लिव्हर उचलला जाण्याचा आवाज. एक. त्या कुलपाला आतून किल्लीचं भोकच नव्हतं, आत नुसतं सपाट लोखंड होतं. दोन. कुणीतरी शिकाऊ माणसासारखं धसमुसळं करत नव्हतं. सावकाश, एकावरून दुसऱ्यावर, न तापता, न दमता. तीन.

तो धावला. जुडग्यातली किल्ली हाताला आपोआप लागली. ती बाहेरून भोकात घातली आणि सगळा जोर लावून धरून ठेवली. किल्लीतून त्याला पलीकडचं कळत होतं, नाडी कळावी तसं. चौथा लिव्हर त्याच्या जोराविरुद्ध उचलला गेला. दाराखालच्या फटीशी काहीतरी हललं. वायर आत चालली होती, हळूहळू, बाहेरच्या खोलीतलं टोक फरशीवरून घासत येत होतं. आणि फटीच्या आतल्या अंधारात तिची वेटोळी करणारी बोटं त्याला क्षणभर दिसली. नखं नीट कापलेली होती. बोटं बायकोची नव्हती. एका हाताला असावीत त्याहून जास्त होती.

"खारू, वायर लाव!" तो ओरडला. "तीन नंबर! पळ!"

ती खारीसारखीच पळाली. टोकावर झेप घातली, दोन्ही हातांनी ते खेचत नेलं. वायर ताणली. क्षणभर वाटलं, पोरगीच ओढली जाईल.

टक्.

चौथा लिव्हर खाली बसला. तिसरा. दुसरा. पहिला. किल्ली त्याच्या हातात एकदम हलकी झाली.

"हिरवा," बाहेरच्या खोलीतून खारू म्हणाली आणि रडायला लागली.

८

खारूला आत्याकडे पोहोचवून तो परतला तेव्हा उजेड होता. त्याने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि कागदाचा वाफेने गुंडाळलेला कोपरा अंगठ्याने सपाट केला. सातवं कलम त्याखाली होतं. बायकोने त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

काम संपलं की तीन नंबरची वायर काढावी. बोलणं चालू असताना कधीही काढू नये.

रोज साडेसहाला बायको ती वायर काढून ठेवायची, हे त्याने पाच वर्षं बघितलं होतं. त्याला ती विजेची काटकसर वाटायची. त्यावरून त्याने तिला चिडवलंही होतं. काढण्याआधी ती नेहमी म्हणायची, "आणखी काही मदत हवी आहे का?" आणि थांबायची. तो समजायचा, शेवटचं गिऱ्हाईक आहे.

शेवटच्या दिवशी तिला टेबलावरूनच दवाखान्यात नेलं होतं. दुपारी तीनला. बोलणं अर्धवट राहिलं असणार. तेव्हा वायर कुणी काढली, हे तो कधी विचारत बसला नव्हता. धावपळीत पायात आली असेल, सुटली असेल. पण ती राउटरशेजारी, नीट ठेवल्यासारखी पडली होती. म्हणजे जाण्याआधी तिने बोलणं संपवून ती काढली होती, आणि परत लावली होती ती त्याने.

आता तो दुकान रोज चारला बंद करतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. बहीण फोनवर रागावते, "दादा, किती दिवस असं? पोरगी रोज वाट बघते." मग खारू फोन घेते आणि आवाज खाली आणून विचारते, "बाबा, बोलणं संपलं का?"

"अजून नाही गं."

"मी येऊ सांगायला?"

"अजिबात यायचं नाही. मला जमतं."

बोलणं संपलं की वायर काढता येईल. वायर निघाली की खारू घरी येईल. एवढं साधं आहे. सव्वाचारला तो टेबलाशी बसतो, हेडफोन लावतो आणि समोर बघतो. पहिले कित्येक दिवस त्याला काहीच ऐकू आलं नाही. तरी तो सांगत राहिला. हिरवा. हिरवा. हिरवा. मध्ये एक प्रश्न मावेल एवढा थांबून. दर काही वेळाने विचारायचा, "आणखी काही मदत हवी आहे का?" आणि पाठ ताठ करून उत्तराची वाट बघायचा. एक तारीख आली तेव्हा त्याने पासवर्ड बदलला, यंत्रं मोजली आणि कागदावर स्वच्छ अक्षरात आकडा लिहिला. सहा.

काल साडेपाचच्या सुमाराला त्याने पुन्हा विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो," हेडफोनमध्ये आवाज आला.

न तापणारा, न दमणारा. त्याच्या बायकोसारखा मुळीच नव्हता. तिच्याकडून शिकलेला होता.

"कॉलर मागून दुमडली आहे तुमची," आवाज म्हणाला. "थोडी उजवीकडे."

त्याने हात मानेमागे नेला. खरंच दुमडली होती.